मैदानाकडं पाठ करून

दाजी, उद्या सलामीची मॅच आहे. तुम्हाला हे माहीत होतं, आणि तरी तुम्ही गेलात.

माणसाचं जाणं त्याच्या हातात नसतं, असं मला सध्या येणारा-जाणारा प्रत्येकजण समजावून सांगतोय. येतो, चहा पितो, सांगतो, जातो. बाकी कुणाच्या बाबतीत मला ते पटलंही असतं. पण या मॅचसाठी तुम्ही काय काय पुढं ढकललंय ते मी डोळ्यांनी पाहिलंय. माझ्या लेकीच्या साखरपुड्याची तारीख तुम्ही बदलायला लावलीत. हर्नियाचं ऑपरेशन ढकललंत. अक्कलकोट रोडच्या ज्या कारखान्यात तुम्ही जॉबर होतात, टॉवेलचा माग अडला की तुमच्या हाताशिवाय हलत नव्हता, तिथल्या मालकाला नव्या मागांची पूजासुद्धा मॅचनंतरच्या मुहूर्तावर घ्यायला लावलीत. एवढं सगळं ढकलू शकणाऱ्या माणसाला फक्त हेच एक ढकलता येऊ नये?

'पित्त झालंय' म्हणालात म्हणे ताईला. सोडा प्यायलात आणि आडवे झालात. समोरच्या टोकाचा ऑफसाइड हितनं ओळखतो म्हणायचात, आणि छातीतली कळ अन् पित्त यांतला फरक ओळखता आला नाही. लोक म्हणतात, शांतपणे गेले. गेले असतील. शांतपणे बसवत नाहीये ते आम्हाला.

मी रडलो नाही असं समजू नका. सात रस्त्याच्या दुकानात, शटर अर्धं ओढून रडलो. तेवढ्यात एक गिऱ्हाईक वाकून आत आलं आणि म्हणालं, "डोळ्याला काय झालं हो?" मी म्हटलं, धूळ. तर म्हणालं, "चष्मेवाल्याच्या डोळ्यात धूळ जाती, मग आमचं काय घ्या." चष्म्याच्या दुकानदाराला धड रडायचीही सोय नसते, दाजी. नाहीतर रडून मोकळा झालो असतो. मग हा राग उरला नसता.

राग कशाचा, ते पहिल्यापासून सांगतो. तुम्ही मध्ये बोलणार नाही, ही पहिलीच वेळ आहे.

आपलं कॉलेज सलामीची मॅच हरतं. सोलापुरात ऊन पडतं, शेंगाचटणी तिखट असते आणि आपलं कॉलेज सलामीची मॅच हरतं, इतकं ते साधं आहे. 'आपलं' हा शब्दही तुमच्या हट्टानं. तुम्ही त्या कॉलेजात एकच वर्ष होतात. त्या वर्षी फुटबॉलच्या संघात राखीव गोलकीपर होतात, आणि एकाही मॅचमध्ये मैदानात उतरला नाहीत. मी तर शिकलो रेल्वेलाईनीपलीकडच्या कॉलेजात, म्हणजे सलामीची मॅच ज्यांच्याविरुद्ध असते तिथं. आमचं कॉलेज दरवर्षी जिंकायचं. पण ताईचं लग्न तुमच्याशी झालं आणि हुंडा न घेणाऱ्या तुम्ही मेव्हणा मात्र ठेवून घेतलात. तेव्हापासून मी स्वतःच्या कॉलेजच्या विरोधात बसून, स्वतःच्याच कॉलेजचा विजय तोंड पाडून बघत आलो.

बघत आलो, असं तरी कसं म्हणू?

ते एक वर्ष. मैदानाच्या कडेचा लांब दगडी कट्टा. कट्ट्यावर आपण चौघं एका रांगेत. सगळ्यात डावीकडं युनूसभाई, तुमचे लहानपणापासूनचे दोस्त, तीन टेंपोंचे मालक आणि सांधेदुखीचे एक. मग तुम्ही. मग ताई. मग मी, मांडीवर डबा. पहिला हाफ शून्य-शून्य. आपल्या संघासाठी तेच एवढं आक्रीत होतं की पोरं भांबावली होती. दुसरा हाफ सुरू झाला. युनूसभाई चहा आणायला उठले. तुम्ही म्हणालात, "मेव्हणं, भाकरी-चटणी काढा की." डबा उघडायचा तर वारा समोरून, चटणी उडायची. म्हणून मी पाय कट्ट्याच्या पलीकडं टाकले, मैदानाकडं पाठ केली, कंपाउंडच्या भिंतीकडं तोंड केलं आणि डब्याच्या झाकणाशी झटत बसलो. झाकण निघालं आणि मैदानात ओरडा उठला.

गोल. आपला.

मी वळायला लागलो, तर ताईच्या मागनं तुमचा हात खांद्यावर आला. "हलायचं नाही मेव्हणं. जसं हाय तसंच बसा." मी म्हटलं, "दाजी, बघू तरी द्या." तुम्ही म्हणालात, "बघून काय करताय? झालाय की." मॅच एक-शून्यानं जिंकली. जिंकलेली ती एकच सलामी मी कंपाउंडच्या भिंतीकडं बघून अनुभवली.

आणि त्या दिवसापासून तुमचा नियम सुरू झाला. जो जिथं, तो तिथं. दरवर्षी तोच कट्टा, तीच रांग, तोच डबा. दुसऱ्या हाफची शिट्टी झाली की युनूसभाईंनी चहाला जायचं, मी भिंतीकडं वळायचं, शेवटची शिट्टी वाजेपर्यंत. युनूसभाईंना साखरेचा आजार जडला, चहा बंद झाला, तरी त्यांना सुटका नाही. "मेरेकू बी देखने देव ना रे," ते करवादायचे, "मैं क्या हाटेलका पोरगा हूं?" तुम्ही म्हणायचात, "बिनसाखरेचा आण. पण जा." मग ते गुडघा धरत जायचे आणि मॅच संपल्यावरच परत यायचे, कारण लवकर आलास तर परत पाठवीन, असा तुमचा दम असायचा.

त्या भिंतीवर 'येथे कचरा टाकू नये' असं निळ्या अक्षरांत लिहिलंय. मी ते इतक्यांदा वाचलंय की झोपेतही म्हणतो, असं बायको सांगते. तिला सुरुवातीला वाटायचं, मी तिलाच सांगतोय. लोकांना लांबचं स्वच्छ दिसावं म्हणून जो माणूस दिवसभर काचा घासतो, तो वर्षातून एकदा मैदानावर जाऊन भिंत बघतो. पोरं हसायची. आपल्याच संघाची पोरं वॉर्मअप करताना विचारायची, "काका, आज भिंत काय म्हणती?"

आणि इतकं करून आपण हरायचो. दरवर्षी. मी एकदा विचारलं, "दाजी, नियम पाळूनपण हरतोय की." तुम्ही मांजर आडवं गेल्यासारखा चेहरा केलात आणि म्हणालात, "पाळून तीन गोल खाल्ले. मोडला असता तर किती खाल्ले असते, याचा इचार करा."

तो गोल मात्र तुम्ही आम्हाला पुरवून पुरवून दिलात. बारशाला, लग्नाला, डोहाळजेवणाला, एकदा तर माझ्या सासऱ्यांच्या दहाव्याला, घाटावर, कावळा शिवायची वाट बघताना. "शफीकनं बॉल घेतला. पंचवीस यार्ड. डावा पाय. बॉल असा निघाला, असा वळला, गोलकीपर हिकडं गेला अन् बॉल तिकडनं आत." हातानं वळण दाखवायचात तेव्हा समोरच्यांची मान आपोआप वळायची. कावळासुद्धा तेवढ्यात शिवून गेला. वर्षागणिक यार्ड वाढत गेले. मागच्या दिवाळीला शफीकनं जवळजवळ आपल्याच गोलपासून मारला होता. शफीकला विचारून खरंखोटं करावं म्हटलं, तर तो स्वतःच तुमचंच वर्णन लोकांना सांगत फिरायचा.

मला त्या गोलाचं कौतुक नव्हतं असं नाही. पण तुम्ही तो बघितला होता आणि मी बघितला नव्हता. इतकी वर्षं मनात तेवढंच सलत राहिलं.

म्हणून शेवटच्या खेपेला तुम्ही दुकानात आलात तेव्हा मी बोललो. दरवर्षी सलामीच्या आधी तुमचा लांबचा चष्मा तपासायचा, काच बदलायची, हाही नियमच. तुम्ही खुर्चीत बसलात, हनुवटी मशिनवर ठेवलीत, आणि हनुवटी तिथं असतानाच यंदाच्या संघाचं सांगत सुटलात. नवा गोलकीपर. ईरण्णा. अक्कलकोटकडचा. मराठी तोडकं, हात भलते लांब. "बॉल त्याच्याकडं आपण होऊन येतो, मेव्हणं. गाय गोठ्यात येती तसा." मग मशिनवरून डोकं काढून इकडंतिकडं बघितलंत, दुकानात कुणी नाही याची खात्री केलीत आणि म्हणालात, "यंदा जिंकतोय."

मी हातातली काच खाली ठेवली. कारण सलामीच्या आधी हे बोलायचं नाही, हाही तुमचाच नियम. माझ्या थोरल्यानं एकदा लहानपणी हे म्हटलं तर तुम्ही त्याला चूळ भरायला लावली होती.

मी म्हटलं, "मग यंदा मी वळून बसणार."

"काय?"

"मैदानाकडं तोंड करून. जिंकणार असू तर मला बघायचंय. हरणार असू तर भिंत काय, अन् मैदान काय."

तुम्ही खुर्चीतून उठलात. "मग येऊच नका."

"नाही येत. डबा पाठवून देतो."

"डबा कोण धरणार मग? आं? डबा हवेत लटकणार?"

दाजी, दोन पिकलेली माणसं चष्म्याच्या दुकानात डब्यावरून भांडत होती. एक बाई फ्रेम बघायला आल्या होत्या, त्या तशाच बाहेर गेल्या. तुम्ही पायरी उतरलात, स्कूटरला किक मारलीत, ती लागली नाही, परत मारलीत. मग मागं न बघता म्हणालात, "मॅचच्या शनिवारी बोलू."

उद्या शनिवार आहे. बोला.

तुम्ही हो म्हणणार होता की नाही, तेवढं तरी सांगून जायचं होतं. लोकांना वडील माणसं जाताना आशीर्वाद देऊन जातात. मला तुम्ही एक लटकणारा डबा देऊन गेलात.

यानंतर जे झालं, त्यात रागवायला आणखी माणसं मिळाली, ती तुम्हाला कळावीत.

कॉलेजातून एका सरांचा फोन आला. मॅचच्या आधी दोन मिनिटं उभं राहायचं ठरलंय, लाऊडस्पीकरवरून दोन ओळी सांगायच्यात, तुमची माहिती हवी होती. आवाज गोड. "त्यांचं पद काय लिहू?"

मी म्हटलं, "प्रेक्षक."

"नाही, म्हणजे संघाच्या संदर्भात पद?"

"तेच. प्रेक्षक."

"ते पद होत नाही ना हो. माजी खेळाडू म्हणू का?"

"राखीव होते. उतरले नाहीत."

"मग देणगीदार?"

दरवर्षी पोरांना कारखान्यातले सेकंडचे, विणीत चुकलेले टॉवेल आणून द्यायचात, त्याला कुणी देणगी म्हणतं का? एकावर अर्धं कमळ, दुसऱ्यावर उलटा मोर. अख्खा संघ ते गळ्यात घालून हिंडतो. मी सरांना सांगितलं, प्रेक्षक लिहा, नाहीतर उभं राहू नका. फोन ठेवल्यावर माझे कान गरम झाले होते. आयुष्यात मी कुणाला इतकं ठणकावून बोललेलो नाही. तुमच्यासाठी बोललो, हे लक्षात ठेवा, कारण पुढं त्याचं काय झालं तेही येतंय.

तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं घरी आली. कॅप्टन तौफिक आणि तो ईरण्णा. दाराशी चपला नीट लावून, गळ्यातले टॉवेल काढावेत की ठेवावेत हे न कळून उभी राहिली. घरात ताई, मी आणि तुमचे थोरले चुलतभाऊ, वेळापूरचे अण्णा. अण्णा तेराव्याला आले होते आणि अजून गेले नव्हते.

तौफिक म्हणाला, "काकू, कट्ट्यावर काकांची जागा रिकामी ठेवणार आहोत आम्ही. तिथं टॉवेल अंथरतो. पण तुम्ही आलात तर पोरांना बरं वाटेल."

ताईनं काही म्हणायच्या आत अण्णा बोलले. "आरं, तेराव्याचं जेवलेला हात वाळला न्हाय अजून. अन् बाईमानसानं मैदानात जाऊन बसायचं? लोकं काय म्हनतील?"

ताई म्हणाली, "लोक आधीपण म्हणत होते, अण्णा. बाई असून फुटबॉलला जाती म्हणून. तुमच्या घरूनच, जाऊबाईच जास्त म्हणत होत्या."

"तिचं तू काय धरतीस? मी म्हनलो का कदी?"

"तुम्ही ऐकत होता."

अण्णांनी सुपारी या गालातून त्या गालात घेतली. "बरं, ते ऱ्हाऊ दे. जाऊन तरी काय करनार हाईस? हरायचंच की तितं."

दाजी, मला सगळ्यात जास्त राग याचा आला की हे खरं होतं. फुटबॉलला किती माणसं लागतात हेही ज्याला माहीत नाही त्यानं, ज्या घरात हे बोलायचं नाही त्या घरात, तुमच्या फोटोसमोर बसून खरं बोलून टाकलं. मला वाटलं, उठावं आणि अण्णांना चूळ भरायला लावावी.

मी काय केलं? मी पोरांसाठी पाणी आणायला आत गेलो. मी तसाच आहे. तुम्हाला माहीत आहे.

पाणी घेऊन आलो तेव्हा ईरण्णा उभा होता. तुम्ही म्हणत होता तसे हात खरंच लांब आहेत, दरवाजाच्या दोन्ही बाजू एकदम धरता येतील असे. तो तुमच्या फोटोकडं बघत म्हणाला, "ई सल सोलल्ल."

अण्णांनी विचारलं, "काय म्हनतोय?"

तौफिक म्हणाला, "यंदा हरत नाही, म्हणतोय."

ताईनं त्याच्या हातातला रिकामा पेला घेतला. पोरं गेली. दुसऱ्या दिवशी अण्णा एसटीत बसताना मला म्हणाले, "मग ठरलं. जायचं न्हाय म्हनावं तिला." काय ठरलं, कुणी ठरवलं, मी नंदीबैलासारखी मान हलवून बस सुटेपर्यंत हात करत राहिलो.

आज दुपारी मी ताईकडं गेलो. तुमचा चष्मा तयार होऊन दुकानात पडला होता. फ्रेम तुम्हीच निवडलेली, काळी, तुमच्या तोंडाला न शोभणारी. तो ड्रॉवरमध्ये ठेवला तर ड्रॉवर उघडवेना. बाहेर ठेवला तर कुणीतरी घालून बघायचं. म्हटलं, ज्याचा त्याच्या घरी नेऊन द्यावा. आणि जायचं नाही असं अण्णांनी सांगितलंय, हेही सांगावं. म्हणजे सांगायचं असं ठरवलं होतं. जिन्यात दोनदा थांबलो.

वर गेलो तर ताई उखळात शेंगाचटणी कुटत होती.

"ताई, हे कशाला?"

"उद्याला." तिनं मुसळ थांबवलं नाही. "तुझा निरोप राहू दे. अण्णा वेळापुरात आहेत."

मी चष्म्याचं घर तिच्यापुढं ठेवलं. "दाजींचा. करून ठेवला होता."

तिनं हात पुसले, घर उघडलं, चष्मा बघितला. आणि हसायला लागली. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता डोळ्याला पदर लावला, परत हसली. मला वाटलं हिचं काहीतरी बिघडलं.

"कशाला करायचास रे दरवर्षी?"

"म्हणजे? मॅच बघायला."

"सदा," ती म्हणाली, "मॅच कुठं बघायचे ते?"

मग तिनं सांगितलं. दुसऱ्या हाफची शिट्टी झाली की तुम्ही डोळे मिटायचात. घट्ट. तिच्या पदराचं टोक मुठीत धरायचात आणि शेवटची शिट्टी होईपर्यंत उघडायचा नाहीत. ती तुमच्या कानाशी लागून पुटपुटल्यासारखं तुम्हाला सांगत राहायची. बॉल आपल्याकडं. गेला त्यांच्याकडं. आला परत. कॉर्नर मिळाला. आपण बघितलं की आपल्यावर गोल होतो, असं तुम्हाला वाटायचं. राखीव म्हणून वर्षभर बाकावर बसला होतात तेव्हापासून. जेवढं तुम्ही बघत होता तेवढं संघ खात होता, असा तुमचा हिशेब.

मी म्हटलं, "अन् तो गोल? शफीकचा?"

"मीच सांगितला त्यांना."

"डाव्या पायाचा?"

"कुठला डावा घेऊन बसलास. शफीकनं कॉर्नर मारला. तुझ्या कॉलेजचा एक पोरगा समोर होता, बारका. बॉल अंगावर येतोय बघून भ्याला आणि पाठ केली. त्याच्या पाठीला लागून आत गेला. मी म्हटलं, अहो गोल झाला. तेव्हा त्यांनी डोळे उघडले. बाकीचं सगळं त्यांचं."

मी चटणीच्या ताटाशेजारी खाली बसलो. "तू कधी बोलली नाहीस?"

"किती छान सांगायचे," ताई म्हणाली.

थोड्या वेळानं मला दुसरं सुचलं. कट्ट्यावर तुमच्या एका बाजूला युनूसभाई. दुसऱ्या बाजूला ताई, आणि तिच्यापलीकडं मी. तुमचे मिटलेले डोळे बघू शकतील अशी माणसं दोनच. त्यातला एक चहाला, एक भिंतीकडं. मी ताईला म्हटलं, "म्हणजे तो नियम..."

"मला काय माहीत," ती म्हणाली. "त्यांनी कधी सांगितलं नाही. मी कधी विचारलं नाही." आणि मुसळ उचललं.

दाजी, मला किती राग आला, ते तुम्हाला तिथवर पोचलं असेल. इतकी वर्षं. 'येथे कचरा टाकू नये.' युनूसभाईंचा गुडघा. दरवर्षीची नवी काच, मिटलेल्या डोळ्यांसाठी, लांबचं दिसायला. तुमच्या हनुवटीखाली मशिनवर स्वच्छ कागद लावायचो मी. आणि त्या सरांना मी ठणकावून सांगितलं, प्रेक्षक लिहा म्हणून. उद्या लाऊडस्पीकरवरून अख्ख्या मैदानाला ते सांगतील, प्रेक्षक, आणि सगळे उभे राहतील, आणि त्या मैदानावर एका बाईला अन् तिच्या भावाला माहीत असेल की तुमचं तेवढं एक पदही अर्धंच खरं होतं.

युनूसभाईंना फोन केला. सगळं सांगितलं. मग म्हणाले, "सालेने मेरेकू चाय पिला पिला के मारा." मग, "कल मैं चाय लाने जाऊंगा. आखरी बार. उसके बाद देखता."

मी ताईला म्हटलं होतं, "मग उद्या मी कसा बसू?"

तिनं चटणी मुठीत घेऊन बघितली, तेल सुटलंय का. "वळून बस. मैदानाकडं. तुला बघायचंच होतं ना?"

"आणि तू?"

"मी डोळे मिटणार. कुणीतरी मिटायला पाहिजेत. यंदा तू सांग मला."

घरी आल्यापासून बसून आहे. जे मागत होतो ते मिळालं, तुमच्याशी भांडून नाही, तुमच्या बाजूची जागा रिकामी झाल्यावर. आणि आता मला ती भिंत बरी वाटायला लागलीय. भिंतीवर काही होत नाही. भिंतीवर आपण हरत नाही. तुम्हाला काय वाटत असेल ते मला आज, इतक्या उशिरा, चष्म्याशिवाय दिसतंय. म्हणून राग गेला असं नाही. राग आहेच. एकट्यानं भ्यायचं कशाला, एवढंच म्हणायचंय. आम्ही तिघं होतो की शेजारी. सांगितलं असतंत तर चौघांनी डोळे मिटले असते, आणि पोरांनी विचारलं असतं, काका, आज काय सगळे झोपलात का.

उद्या तुमच्या जागी टॉवेल असेल. अर्धं कमळवाला की उलट्या मोराचा, ते पोरं ठरवतील. ताईच्या मांडीवर पदराचं टोक मोकळं असेल, तिथं मी हात घालणार नाही, ते तुमचं. डबा माझ्या मांडीवर. झाकण पहिल्या हाफमध्येच सैल करून ठेवीन.

इतक्या वर्षांनी दुसऱ्या हाफमध्ये मैदान बघणार आहे, त्यामुळं काय सांगायचं ते कळेल की नाही, माहीत नाही. ताईच्या कानात बॉल कुणाकडं आहे ते सांगेन. आपण खाल्ले तर तेही सांगेन, लपवणार नाही. पण त्या लांब हातांच्या पोरानं पलीकडं बॉल फेकला, आणि तो कसाही, कुणाच्या गुडघ्याला, कुणाच्या पाठीला, माझ्याच कॉलेजच्या कुणा भ्यालेल्या पोराला लागून आत गेला, तर दाजी, ताईला मी तो डाव्या पायानंच सांगणार आहे. पंचवीस यार्डांवरून.